लिस्बनचं जुनं शहर पायी बघताना : गाईडबरोबरचा वॉक कसा निवडावा, कसा करावा

लिस्बनला येणाऱ्या आपल्या लोकांचा कार्यक्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. स्पेनच्या सहलीला जोडून दोन-तीन दिवस. त्यात एक दिवस सिंत्रा, अर्धा दिवस बेलेंमध्ये वास्को द गामाची कबर आणि नदीकाठचा मनोरा, आणि उरलेल्या वेळात ‘जमलं तर’ जुनं शहर. हा क्रम उलटा करा, असं मी माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना सांगते. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाय ताजे असताना, जुन्या शहरात गाईडबरोबर अडीच-तीन तास चाला. बाकी सगळं त्यानंतर.

रोममध्ये कोलोसियम समोर उभं असतं. गाईड नसला तरी बघायला काहीतरी असतं. लिस्बनमध्ये सगळ्यात महत्त्वाच्या कितीतरी गोष्टी आज जागेवरच नाहीत. १ नोव्हेंबर १७५५ या दिवशी, सकाळी साडेनऊनंतर, सर्व संतांच्या सणाची प्रार्थना चालू असताना भूकंप झाला. चर्च भरलेली होती, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. जे वाचले ते मोकळ्या जागेकडे, म्हणजे नदीकाठी पळाले, आणि तिथे त्यांना समुद्राच्या लाटांनी गाठलं. मग आग लागली आणि कित्येक दिवस विझली नाही. राजवाडा, ग्रंथालय, हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी, सगळं गेलं. आज त्या जागी सरळ रस्ते आणि एकसारख्या इमारती दिसतात. नुसतं फिरलात तर ‘छान, स्वच्छ, युरोपियन’ एवढंच वाटेल. जे दिसत नाही ते सांगायला इथे माणूस लागतो.

आधी वाट ठरवा

बहुतेक जण गाईडचे स्टार मोजून टूर ठरवतात. मी म्हणेन, आधी वाट बघा.

जुन्या लिस्बनचे पायी फिरण्याजोगे तीन भाग आहेत. बाइशा म्हणजे सखल, सपाट, भूकंपानंतर आखून बांधलेला भाग. त्याला लागून पश्चिमेच्या चढावर शिआदो. पूर्वेच्या टेकडीवर किल्ला आणि त्याच्या उतारावर अल्फामा. इथल्या गल्ल्या भूकंपातून बऱ्याच अंशी वाचल्या, म्हणून त्या अजून अरुंद, वाकड्या आणि पायऱ्यांच्या आहेत. किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला मोरारिया. ११४७ मध्ये ख्रिस्ती राजाने शहर जिंकल्यावर तिथल्या मुसलमानांना वस्तीसाठी दिलेला हा भाग. आज तिथे बांगलादेशी, नेपाळी, भारतीय दुकानं रांगेने आहेत, आणि कोथिंबीर, हिरव्या मिरच्या घ्यायला मीही तिथेच जाते.

एका सकाळी यातले दोन भाग नीट होतात. तिन्ही भाग ‘कव्हर’ करतो म्हणणारा टूर टाळा. बेलें तर या हिशेबात धरूच नका. ते मध्यवस्तीपासून सहा-सात किलोमीटर पश्चिमेला आहे, १५ नंबरच्या ट्रामने वेगळं जायचं. ‘तीन तासांत संपूर्ण लिस्बन’ असं लिहिलं असेल तर त्या तीन तासांत तुम्ही गाईडच्या पाठीमागे धावणार आणि त्याची पाठच बघणार.

पहिल्यांदा येणाऱ्याने बाइशा-शिआदो हा टूर घ्यावा, अल्फामा नंतर. अल्फामा सुंदर आहेच, पण शहराची गोष्ट बाइशात कळते, आणि ती कळल्यावर अल्फामात काय वाचलं, का वाचलं, हे आपलं आपल्याला दिसायला लागतं.

बुकिंग करण्याआधी माहितीत चार गोष्टी शोधा. टूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. गटात जास्तीत जास्त किती माणसं घेतात. कुठल्या वास्तूच्या आत जाणार आणि कुठली नुसती बाहेरून बघणार. आणि चढ किती आहे. चौथी गोष्ट बऱ्याचदा लिहिलेली नसते. ती मेसेज करून विचारा. आई-वडील बरोबर असतील, कुणाचा गुडघा दुखत असेल, तर हा प्रश्न सगळ्यात आधी. चांगला गाईड याचं उत्तर रस्त्यांची नावं घेऊन देतो. ‘नो प्रॉब्लेम, सगळे करतात’ असं उत्तर आलं तर दुसरा बघा.

फुकट, पैशाचा की खासगी

‘फ्री टूर’ हा प्रकार लिस्बनमध्ये भरपूर आहे. सकाळी रोसिओ, रेस्तोरादोरेस किंवा कामोंइश चौकात रंगीत छत्र्या घेऊन गाईड उभे असतात. आधी पैसे द्यायचे नसतात, शेवटी आपल्या मर्जीने टिप द्यायची. हा टूर वाईट नाही. इथले तरुण गाईड गोष्ट रंगवून सांगतात, कारण त्यांचं पोटच त्यावर आहे. पण त्याला फुकट समजू नका. यातल्या बऱ्याच कंपन्या गाईडकडून माणशी ठराविक रक्कम कापून घेतात. म्हणजे तुम्ही काही न देता निघून गेलात तर गाईडला तुमच्यासाठी पदरचे पैसे भरावे लागू शकतात. माणशी दहा-पंधरा युरो ही रास्त टिप. चारजणांचं कुटुंब असेल तर हिशेब आधीच करा, आणि सुटे युरो खिशात ठेवा. जमत नसेल तर येऊ नका, पण येऊन अडीच तास ऐकून शेवटच्या चौकात गर्दीत मिसळून जाऊ नका. आपल्या माणसांनी असं केलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

फ्री टूरची खरी अडचण गटाची. पंचवीस-तीस माणसं असली की अरुंद गल्लीत मागच्यांना ऐकू येत नाही, आणि इंग्रजी पोर्तुगीज धाटणीचं असलं की पहिली पंधरा मिनिटं कान सरावण्यातच जातात. घरात कुणाला इंग्रजी सावकाश कळत असेल तर दहा-बारा जणांचा पैशाचा टूर घ्या. साधारण वीस ते तीस युरो माणशी पडतात. चार-पाचजण असाल तर खासगी गाईडचा हिशेबही करून बघा. तो दर गटाचा असतो, माणशी नसतो. शिवाय खासगी गाईड तुमच्या गतीने चालतो, मध्ये बसू देतो, आणि तुम्ही एखादं वाक्य मराठीत आईला समजावून सांगेपर्यंत थांबतो. ज्येष्ठांबरोबर आलात तर मी खासगीच सुचवेन.

परवान्याचा एक मुद्दा. लंडनमध्ये परीक्षा दिलेल्या गाईडला ब्ल्यू बॅज असतो, व्हिएन्नात गाईडचं काम परवान्याशिवाय करताच येत नाही. पोर्तुगालमध्ये तशी सक्ती नाही. त्यामुळे इथे इतिहासाचा पदवीधरही गाईड असतो आणि गेल्या उन्हाळ्यात शहरात आलेला विद्यार्थीही. पारख आपणच करायची.

गाईडची पारख

टूर बघितलेल्यांचे अभिप्राय वाचताना ‘फनी’, ‘ऑसम’ हे शब्द सोडून द्या. त्याने काय सांगितलं ते कुणी लिहिलंय का, एवढं बघा. ‘भूकंपानंतरच्या घरांच्या भिंती कशा बांधल्या ते समजलं’ असं एक वाक्य शंभर स्टारांपेक्षा उपयोगाचं.

मग सुरुवातीच्या चौकात, टूर सुरू होण्याआधी, त्याला एक प्रश्न विचारा : सांव दोमिंगोसच्या चौकात आपण थांबणार का?

रोसिओच्या कोपऱ्यावरचा हा छोटासा चौक. १५०६ च्या एप्रिलमध्ये इथल्या चर्चमधून दंगल सुरू झाली आणि तीन दिवसांत, सक्तीने ख्रिस्ती केलेल्या सुमारे दोन हजार ज्यूंना मारण्यात आलं. आज तिथे त्यांच्या आठवणीचा दगड आहे, त्यावर ताऱ्याची खूण कोरलेली. पलीकडे रोसिओच्या उत्तर टोकाला पांढऱ्या खांबांचं राष्ट्रीय नाट्यगृह आहे. ते जिथे उभं आहे तिथे पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेचा वाडा होता. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन १५३६ मध्ये आलं, आणि १५६० मध्ये गोव्यात. गोव्यातल्या कुटुंबांनी रातोरात देव उचलून खाडीपलीकडे नेले, तो काळही साधारण हाच.

काही गाईड हा चौक चेरीच्या दारूच्या दुकानापुरता दाखवतात. ते दुकानही जुनं आहे, १८४० पासूनचं, आणि छोट्या पेल्यातली जिंजिन्या प्यायला तिथे सकाळपासून माणसं उभी असतात. पण दुकान दाखवून दगड न दाखवणारा गाईड शहराची अर्धीच गोष्ट सांगतोय. तो तुमचा प्रश्न ऐकून खुलला, तर समजा की पैसे वसूल.

चौकातलं चर्च आतून जरूर बघा, प्रवेश मोफत असतो. १९५९ मध्ये ते आगीत जळलं. पुन्हा उघडताना जळल्याच्या खुणा पुसल्या नाहीत. आत गेल्यावर आधी लाल-गेरूच्या भिंती दिसतात, मग जवळ जाऊन खांबांकडे बघा. दगडाचे पापुद्रे उष्णतेने सुटून पडले आहेत, कडा उकलल्या आहेत, नक्षी मधेच तुटते आणि तशीच राहते. हात लावावासा वाटतो. लावू नका, तिथे रोज प्रार्थना चालते. टोप्या काढा, आवाज खाली.

बाइशात काय विचारावं

इथून दक्षिणेला नदीकडे सरळ जाणारे रस्ते म्हणजे भूकंपानंतरचं शहर. त्यामागचा माणूस सेबाश्तियांव जोझे, पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखला गेलेला मंत्री. राजा पहिला जोझे भूकंपाच्या सकाळी बेलेंच्या बाजूला होता म्हणून वाचला. पण त्याने भिंतींचा असा धसका घेतला की पुढे आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यात राहायला लागला. शहर उभं करायचं काम पोंबाल आणि त्याच्या लष्करी इंजिनिअरांनी केलं.

गाईडला इथे ‘गायोला’ विचारा. म्हणजे पिंजरा. घराच्या दगडी भिंतीच्या पोटात लाकडाचा सांगाडा असतो, उभ्या-आडव्या दांड्या आणि त्यांना तिरप्या फुल्या. जमीन हलली की दगड पडतील, पण सांगाडा झुलून घर उभं राहील, ही कल्पना. त्याची परीक्षा म्हणून नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली, अशी गोष्ट इथले सगळेच सांगतात. कोकणात किंवा किल्लारीकडे घर असलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो. या इमारतींचा पायाही बघण्यासारखा आहे. बाइशातली जमीन नदीच्या गाळाची, म्हणून खाली पाइनच्या लाकडाचे खुंट ठोकलेले. रुआ दोस कोरीरोस या रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन झालं आहे. तिथे ते खुंट दिसतात आणि त्याहून खाली रोमन काळातले मासे खारवायचे हौद. तिथला गाईडसह फेरफटका मोफत असतो, पण नाव आधी नोंदवावं लागतं. सर्वसाधारण टूर इथे जात नाहीत. हे स्वतः जाऊन करा.

बाइशातला मुख्य रस्ता, रुआ आउगुस्ता, संपतो तिथे मोठी कमान आणि पलीकडे तेझू नदीवर उघडणारा भव्य चौक. नकाशावर नाव ‘प्रासा दो कोमेर्सियो’, पण इथली माणसं अजून ‘तेरैरो दो पासो’ म्हणतात, वाड्याचं अंगण. वाडा नाही, अंगण राहिलं. भूकंपाआधी इथेच नदीकाठी राजवाडा होता आणि त्याच्याच आवारात ‘काझा दा इंडिया’, म्हणजे मिरी, दालचिनी, लवंग उतरवून घेणारी, जहाजं आणि माणसं हिंदुस्थानकडे पाठवणारी कचेरी. गोवा, वसई, चौल, दीव इथला हिशेब शेवटी या जागी यायचा. ती कचेरी दप्तरासकट गेली.

मधोमध घोड्यावर पहिला जोझे आहे. पुतळा १७७५ चा. सगळे राजाचा फोटो काढून पुढे जातात. तुम्ही चबुतऱ्याला फेरी मारा. एका बाजूला दगडात हत्ती कोरला आहे, सोंड, कान, सगळं. पूर्वेकडच्या साम्राज्याची ती खूण. हा पुतळा बसवला तेव्हा वसई त्यांच्या हातातून जाऊन ३६ वर्षं झाली होती. चिमाजीअप्पांनी ती १७३९ मध्ये घेतली, जोझेच्या बापाच्या राज्यात. तिथल्या चर्चच्या घंटा आजही आपल्याकडे नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला टांगलेल्या आहेत. हे इथल्या गाईडला बहुधा ठाऊक नसतं. तुम्ही सांगा. सांगितल्यावर बहुतेक जण वही काढतात आणि मग तुमच्यासाठी दहा मिनिटं जास्त देतात.

कार्मोचा चौक

शिआदोच्या टूरमध्ये कार्मोचं मठ-चर्च असतंच. १३८९ मध्ये सुरू झालेलं हे चर्च १७५५ मध्ये छप्पर गमावून बसलं आणि ते छप्पर नंतर घातलंच नाही. उघड्या आकाशाखाली दगडी कमानी उभ्या आहेत. आत संग्रहालय आहे, तिकीट लागतं. टूर बहुधा दारावरून पुढे जातो. शेजारी राष्ट्रीय पोलीस दलाची बराक आहे, बाहेर पहाऱ्यावर शिपाई. इथे गाईडला सावकाश बोलू द्या. २५ एप्रिल १९७४ ला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी सत्ता उलथली तेव्हा पंतप्रधान मार्सेलो कायतानो याच बराकीत लपला होता. कॅप्टन साल्गेइरो माइयाने चौकात चिलखती गाड्या आणल्या, झाडांवर, छपरांवर माणसं चढून बसली, आणि संध्याकाळी कायतानोने शरणागती पत्करली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोवली, त्यावरून त्या क्रांतीचं नाव पडलं.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण कायतानोच्या आधीचा हुकूमशहा सालाझार याच्या पोर्तुगालने तो गेल्याचं कधी मान्य केलं नाही. मान्य केलं ते ही राजवट पडल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. आपल्या माणसाने या चौकात पाच मिनिटं बाकावर बसायला हरकत नाही.

चढ, चपला, पाणी

लिस्बनच्या फुटपाथवर पांढरा चुनखडी आणि काळा बेसॉल्ट यांचे छोटे तुकडे नक्षीत बसवलेले असतात. दिसायला देखणे. पण शंभर वर्षं पाय लागून ते गुळगुळीत झाले आहेत, आणि पाऊस पडला की उतारावर माणूस घसरतोच. रबरी, खाचांच्या तळाचे बूट घाला. नवे बूट नकोत, चामड्याच्या तळाचे नकोत, सपाट सँडलही नकोत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस असतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ऊन भाजून काढतं, तेव्हा सकाळी नऊ-साडेनऊचा टूर घ्या. सगळ्यात छान एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून निघा. स्वच्छतागृहासाठी सोपा मार्ग म्हणजे कॅफेत शिरून ‘उमा बीका’ मागायची, म्हणजे छोटी कडक कॉफी, एक-दीड युरोची. टूरच्या मध्यावर गाईड थांबतो तेव्हा रांग लागते. तुम्ही सुरुवात होण्याआधीच जाऊन या.

चढ टाळायच्या इथल्या लोकांच्या युक्त्या पुढच्या दिवसांना फार उपयोगी पडतात. किल्ल्यावर जायचं तर प्रासा दा फिगेइराहून ७३७ नंबरची छोटी बस थेट वर जाते. किंवा बाइशातल्या रुआ दोस फांकेइरोसवरची मोफत लिफ्ट वरच्या रस्त्यावर सोडते, तिथून थोडं चालून सुपरमार्केटच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट आणखी वर. बाइशाहून शिआदोला चढायला मेट्रो स्टेशनचे लांबलचक सरकते जिने आहेत. २८ नंबरच्या ट्रामचा हट्ट असेल तर सकाळी लवकर, कांपो दे औरिकच्या टोकाहून बसा. मार्तीं मोनीजच्या टोकाला तासभर रांग असते. त्या ट्राममध्ये खिसेकापू हमखास, तेव्हा पासपोर्ट हॉटेलात आणि पाकीट पुढच्या खिशात.

रुआ आउगुस्ताच्या आसपास काही माणसं जवळ येऊन हळूच अमली पदार्थ विकायला बघतात, तरुण मुलांना तर हटकून. बहुधा तो वाळलेला पाला असतो. मान हलवा आणि चालत राहा, बोलत उभं राहू नका.

गाईडबरोबर चालताना

पहिल्या तिघांत राहा. गाईड थांबला की त्याच्या तोंडावर ऊन आणि आपल्या पाठीला सावली येईल अशी जागा धरा. फोटो नंतर काढता येतात. टूर चालू असताना फक्त पाटी किंवा कोपरा टिपून ठेवा म्हणजे परत येता येईल. प्रश्न थांब्यावर विचारा. चालताना एकट्याने गाईडला बोलण्यात गुंतवलं की मागचा गट तुटतो आणि लोक वैतागतात. लहान मुलं असतील तर दोन तासांपेक्षा मोठा टूर घेऊ नका, आणि मध्येच सोडून जायचं झालं तर गाईडला सांगून, टिप हातात देऊन जा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

शेवटी बरेच गाईड एखादं हॉटेल सुचवतात. जायलाच हवं असं नाही. कुठेही जेवलात तरी एक माहिती हवी : टेबलावर न मागता येणारा पाव, ऑलिव्ह, चीज यांचे पैसे लागतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. शाकाहारी माणसाने ‘सें कार्न, सें पैश’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं दोन्ही सांगावं. नुसतं मांस नको म्हटलं की कॉडचा बाकल्याव समोर येऊ शकतो. हिरव्या पानांच्या काल्दो वेर्द सुपातही सॉसेजची चकती तरंगते. पश्तेल दे नाता या कस्टर्डच्या टार्टमध्ये अंडं असतंच. आणि कॅफेच्या काचेत त्रिकोणी ‘शामुसा’ दिसला तर दचकू नका, तो आपला समोसाच, गोव्यामार्गे इकडे आलेला. आत काय आहे ते मात्र विचारून घ्या, गोमांसाचा फार मिळतो.

दुसऱ्या दिवशी अल्फामा, आपलं आपण

गाईडने बाइशा उलगडून दाखवला की अल्फामाला नकाशा पुरतो. ७३७ ने किल्ल्यावर जा आणि उतरत या. चढून जाऊ नका. सांता लुझियाच्या सज्जावर थांबा. शेजारच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांचं चित्र आहे, त्यात तेरैरो दो पासो भूकंपापूर्वी कसं होतं ते रंगवलंय. काल ज्या रिकाम्या चौकात उभे होतात तिथला वाडा इथे बघायला मिळतो. मग पायऱ्यापायऱ्यांनी खाली नदीकडे. तळाशी, मोठ्या रस्त्यावर, दर्शनी भिंतीभर टोकदार दगड बसवलेलं एक घर लागेल, काझा दोस बीकोस. १५२३ मध्ये ते बांधलं ब्राझ द आल्बुकेर्कने. १५१० मध्ये आदिलशहाकडून गोवा घेणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कचा हा मुलगा. आज तिथे नोबेलविजेते लेखक जोझे सारामागो यांची संस्था आहे, आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी.

मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर किल्ल्यामागच्या सांता क्लारा मैदानात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, फेइरा दा लाद्रा. जुन्या फरशा तिथे घेऊ नका. बऱ्याच फरशा घरांच्या भिंतींवरून चोरून काढलेल्या असतात. सोमवारी बरीच सरकारी संग्रहालयं बंद असतात, तेव्हा सोमवार रस्त्यांसाठी ठेवा. १२ जूनच्या रात्री सेंट अँथनीच्या सणाला अल्फामात सार्डिन भाजल्याचा धूर आणि मुंगीला वाट मिळणार नाही अशी गर्दी असते. मजा वेगळीच, पण त्या दिवशी टूर बुक करू नका. आणि फादो हे इथलं पारंपरिक गाणं ऐकायचं असेल तर जेवणाचा कमीत कमी खर्च किती ते आधी विचारून मगच आत बसा. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात आणि वाढपीही थांबतात. गाणं संपेपर्यंत बोलायचं नाही, फोनही वर करायचा नाही. काही मागायचं असेल ते दोन गाण्यांच्या मध्ये.